कुत्री जेवली का?

सहलीचे पैसे भरून झाले, लोकरीचे कोट आणून झाले, मोठी बॅग माळ्यावरून खाली आली, आणि मग आमच्या घरात खरा प्रश्न उभा राहिला. कुत्रीचं काय करायचं? नवरा म्हणाला, "बघू." हा शब्द त्याच्या तोंडून आला की ते काम माझ्या गळ्यात पडलं असं समजायचं, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

नवरा नुकताच निवृत्त झाला होता. नोकरीभर त्याने एकच स्वप्न जपलं होतं, हिमाचलात जाऊन बर्फ बघायचा. मी शाळेत शिकवायचे. मला सुट्टी असायची तेव्हा त्याला नसायची आणि त्याला मिळायची तेव्हा माझ्या परीक्षा असायच्या. शेवटी दोघंही मोकळे झालो, तर कुत्री म्हातारी झाली होती.

गावठीच होती, तांबूस रंगाची. कुणीतरी पिल्लू असताना आमच्या गल्लीत आणून सोडली होती आणि ती गल्लीतल्या सगळ्या घरांपैकी आमचंच फाटक निवडून आत आली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडली होती, जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. दिसेनासं झाल्यापासून तिने एक नियम करून टाकला. जेवायचं ते फक्त माझ्या हातचं. ताटली पुढ्यात ठेवून चालायचं नाही, घास हातात घेऊन भरवायचा. नवऱ्याने घास दिला तर त्याचा हात हुंगायची आणि तोंड फिरवायची. याचा त्याला फार अपमान वाटायचा, कारण तिची बिस्किटं इतकी वर्षं तोच आणत होता.

तिला हृदयाची गोळी चालू होती, ती जेवणातूनच पोटात जायची. तिच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाकी काही झालं तरी चालेल, पण हिला उपास घडू देऊ नका. या वयात कुत्र्याने दोन-तीन दिवस अन्न सोडलं की त्याला परत जेवणावर आणणं फार अवघड असतं." म्हणजे आमची सहल आणि कुत्रीचा जीव यांच्यामध्ये कुणाचा तरी एक हात हवा होता, आणि तो हात कुठून आणायचा हे मला कळत नव्हतं.

कुत्री ठेवून घेतात अशा एका ठिकाणी फोन केला. तिथला माणूस गोड बोलत होता, पण वय ऐकलं, डोळ्यांचं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, रिस्क आहे." जयसिंगपूरला माझी बहीण आहे. तिच्याकडे मांजरं आहेत आणि तिची मांजरं कुणाला घरात घेत नाहीत, बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा कशीबशी घेतात. शेजारच्या वहिनी प्रेमळ, पण त्यांना कुत्र्याच्या तोंडाजवळ हात न्यायचा म्हटलं की घाम फुटतो. "मी लांबून टाकीन हो," म्हणाल्या. लांबून टाकलेलं आमच्या राणीसाहेबांना चाललं असतं तर मी एवढी वणवण केलीच नसती.

"तू जा एकटा, मी राहते," मी शेवटी नवऱ्याला म्हणाले. त्याने कोट उचलून कपाटात ठेवला आणि पेपर वाचत बसला. दोन दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होत होते.

तेवढ्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात; नवरा त्यांना अण्णा म्हणतो. ऐंशी ओलांडलेली, पण आवाज असा की गारगोटीजवळच्या त्यांच्या गावातून बोलताना फोनची गरजच नसावी.

"आयकलं म्या सगळं," ते म्हणाले. "तुमी जावा. मी येतो."

"मामा, ती कुणाच्या हातचं खात नाही."

"न खाऊन जातीया कुठं? जल्मभर म्हशी सांभाळल्या मी. कुत्र्याचं काय घिऊन बसलीयास?"

मला धीर यायचा तो आणखी सुटला. कारण मामांना कुत्रं घरात असणं मुळातच मान्य नव्हतं. कुत्र्याने गोठ्याच्या तोंडाशी बसावं, माणसाने सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, बसावं, अशी त्यांच्या डोक्यातली वाटणी. आमच्याकडे आले की ते कुत्रीकडे बघायचे ते मुक्काम लांबवलेल्या एखाद्या पाहुणीकडे बघावं तसं. पण दुसरा इलाज नव्हता. म्हशी पुतण्याकडे सोपवून, दुधाची किटली आणि स्वतःची घोंगडी घेऊन ते एसटीने आले.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धोतर, पांढरी टोपी, करकर वाजणाऱ्या चपला आणि दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या मिशा. तरुणपणी कुस्त्या केलेल्या, त्यामुळे चालताना अजून खांदे मागे. गावात भांडण झालं की त्यांना बोलावणं यायचं, आणि ते आले की निम्मं भांडण त्यांच्या आवाजानेच मिटायचं. सासूबाई फार लवकर गेल्या, नवरा तेव्हा तान्हा होता. मामांनी दुसरं लग्न केलं नाही. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती, आणि त्या दिवसापासून या माणसाने माझ्याशी एक अंतर इतकं नेमकं पाळलं की मी थक्क व्हायचे. स्वयंपाकघरात कधी पाऊल नाही. आमच्या खोलीच्या दारातसुद्धा कधी उभे नाहीत. दोरीवर माझे कपडे वाळत असले तर परसात जाताना मान दुसरीकडे. मनाने एवढा मोकळा आणि तोंडाने एवढा फटकळ माणूस सुनेच्या बाबतीत मात्र एखाद्या व्रतासारखा वागायचा. मला त्याचं आदराइतकंच हसूही यायचं.

आम्ही निघण्याआधीचे दोन-तीन दिवस ते पडवीत बसून मी कुत्रीला भरवते ते बघत असायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, कंटाळलेत. भरवताना मी बडबड करते. इतकी वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभी राहिले, तो सूर काही जात नाही. "चला, तोंड उघडायचं. पटकन. नखरे करायचे नाहीत, मला उशीर होतोय." कुत्री निमूट खायची. वर्गातली मुलं एवढी ऐकती तर मी मुख्याध्यापिका झाले असते.

निघायच्या आदल्या दिवशी मी घर धुऊन काढलं. गावाला जाताना मागे एक मळका कपडा राहता कामा नये, ही माझ्या आईची शिकवण. घरातले गाऊन, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं मशीनमध्ये गेलं. घरातल्या चपलासुद्धा घासून उन्हात उभ्या केल्या. मोरी कोरडी, दोरी रिकामी. मामा म्हणाले, "घर हाय का दवाखाना?" मी ते कौतुक समजून घेतलं.

निघताना कुत्री फाटकापर्यंत आली. मामांनी तिच्या गळ्यात हात घातला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. "जावा," म्हणाले. "मागं वळून बघू नगासा."

पहिल्या संध्याकाळी मी चंडीगडहून फोन केला. "मामा, कुत्री जेवली का?"

"न्हाय."

बस, एवढंच. दुसऱ्या कुणी गोड खोटं बोललं असतं. नवरा तर चिडलाच, म्हणाला, "जेवली म्हणायला काय जातंय यांचं?" पण मामांना ते जमत नाही. आहे ते आहे आणि नाही ते नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मनालीत पोचलो. समोर बर्फाचे डोंगर, आणि आमच्या सहलवाल्यांनी रात्रीच्या जेवणात पुरणपोळी केली होती. गटातली मंडळी वाहवा करत होती. माझ्या घशाखाली घास उतरेना, कारण फोनवर मामा सांगत होते, "दूध हुंगलं आन् निघून गेली. पानी तेवढं पिलीया. दारात बसलीया फाटकाकडं तोंड करून." डॉक्टर येऊन गेले होते. सलाईन देता येईल, पण तिला खायला लावा, असं सांगून गेले होते. मामांनी भाकरी कुस्करून दिली, भात दिला, अंडं दिलं. म्हणजे ज्या माणसाला कुत्रं उंबऱ्याच्या आत चालत नव्हतं, तो तिच्यासाठी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन अंडी उकडत होता. माझ्या ते त्या वेळी लक्षात आलं नाही. मी बॅग भरायला घेतली होती.

नवऱ्याने मला अडवलं नाही. आयुष्यभर वाट बघितलेला बर्फ खिडकीत होता, आणि तो खिडकीकडे पाठ करून मोबाईलवर परतीची विमानं शोधत होता. त्याच्यावर मी आयुष्यात खूप वेळा चिडले आहे, पण त्या वेळी मला तो फार आवडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचाच फोन आला. मी स्पीकरवर ठेवला.

"सूनबाई, तुझं अंगावरचं एखादं कापड कुठं हाय? न धुतलेलं. घामाचं."

सगळं धुतलं होतं. अभ्रेसुद्धा धुतले होते. घरात माझा म्हणून वास कुठे उरलाच नव्हता, साबणाचा होता. चांगली तीन-चार धुणी करून मी माझ्या घरातून स्वतःला पुसून टाकलं होतं, आणि आंधळी कुत्री मला त्या घरात हुडकत होती.

"कशाला हवंय, मामा?"

मग ते बोलले ते माझ्याशी नाही, नवऱ्याशी. "आयकतोयस न्हवं? तुझी आई गेली तवा म्हस पान्हवंना. कुनाला कासंला हात लावू दीना, लाथा मारायची. तुझ्या आईच्याच हाताची सवय तिला. आन् तू दुधाबिगर रडून रडून निळा पडायलास. तिचं गोठ्यातलं एक लुगडं हुतं, शेणामातीचं, धुयाचं ऱ्हायलेलं. त्ये नेसलं आन् बसलो धारंला. हुंगलं म्हशीनं. मागं वळून बघितलं. आन् सोडला पान्हा."

नवरा पलंगावर बसला होता. त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. आई लहानपणीच गेली एवढं त्याला माहीत होतं. त्यानंतर आपण काय पिऊन जगलो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"लोक हसले असतील," तो कसंबसं म्हणाला.

"हसलं की. हसंनात का. पोराचं पोट बघू का लोकांची तोंडं?"

"किती दिवस नेसत होता, अण्णा?"

"म्हस आटंपतूर."

मग मला एकदम आठवलं. पेठ वडगावला माझ्या भाच्याच्या लग्नात मी जांभळी रेशमी साडी नेसले होते. ऐन मे महिना, कार्यालयातले पंखे बंद पडलेले, दिवसभर नुसत्या घामाच्या धारा. रेशमी साडी घरी धुवायची नसते, म्हणून ती ड्रायक्लीनला द्यायला कपाटात वेगळी ठेवली होती आणि द्यायची राहिली होती. मी सांगितलं, "मामा, आमच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात."

"ती भारीतली?"

"हो, तीच."

"सूनंच्या कपाटाला मी हात लावनार न्हाय," मामा म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. मी तसा तो कधी ऐकला नव्हता.

तीन दिवस एक जीव उपाशी आहे, आणि हा माणूस कपाटापाशी अडलाय. चिडायला हवं होतं, पण मला भरून आलं. इतकी वर्षं ज्याने माझ्या वाळणाऱ्या कपड्यांकडे मान वळवून बघितलं नाही, त्याच्याकडे मी माझी साडी नेसायला देत होते. मी म्हणाले, "शेजारच्या वहिनींना बोलवा. त्या काढून देतील. आणि मामा, मी सांगते आहे ना. नेसा."

"तुजी परवानगी हाय न्हवं?"

"आहे."

"मग बोलीवतो."

थोड्या वेळाने आम्ही नाश्त्याला बसलो असताना वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल हलत होता, कारण वहिनींना हसू आवरत नव्हतं आणि हसू नये हेही कळत होतं. आमच्या पडवीच्या पायरीवर मामा बसले होते. धोतरावरून कमरेला साडीचे दोन वेढे, पदर डोक्यावरून घेतलेला, त्याच्या जरीकाठातून मिशांची टोकं बाहेर आलेली. हातात दहीभाताची ताटली. कुत्री दारात पडली होती. तिने नाक वर केलं. उठली. अंदाज घेत, भिंतीला अंग घासत आली आणि पदराच्या टोकात तोंड खुपसून उभी राहिली. शेपूट हलू लागलं. मामांनी घास पुढे केला. तिने हुंगला, पण तोंड उघडलं नाही.

"अगं बाई," वहिनी पुटपुटल्या.

मी इकडून हाक मारणार, तेवढ्यात मामांनी हातानेच वहिनींना गप्प राहायची खूण केली. मग त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. "चला. तोंड उघडायचं. पटकन. नखरे करायचे नाहीत." माझा सूर! चौथीच्या वर्गातला, शुद्ध, एकेक शब्द सुटा करून बोललेला. त्या गावरान आवाजात तो इतका अवघडल्यासारखा येत होता, जणू पहिल्यांदा बूट घातलेला माणूस फरशीवर चालतोय. ते पडवीत बसून काय बघत होते ते मला आत्ता कळलं. "मला उशीर होतोय. चला. घ्या घास." कुत्रीने कान हलवले. मामांनी पुन्हा म्हटलं. तिने तोंड उघडलं.

एक घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मामांचा धीर सुटला आणि त्यांची भाषा परत आली, "खा की गं बया, खा, खा माझे आई." तरी ती खात राहिली. दही पदरावर सांडत होतं. मी मनालीच्या हॉटेलात, नाश्त्याच्या टेबलावर, सगळ्या गटासमोर हुंदके देऊन रडत होते, आणि सहलवाल्यांचा मुख्य माणूस घाबरून विचारत होता, घरी काही वाईट झालं का. नवरा म्हणाला, "काही नाही. कुत्री जेवली."

परतीच्या विमानाची गरज उरली नाही; त्याच दिवशी आम्ही बर्फात गेलो. नवरा त्यात लहान मुलासारखा बसला. मधेच एकदा बर्फाचा गोळा हातात धरून म्हणाला, "मला कधी बोलला नाही गं हा माणूस." मी म्हटलं, "तू विचारलंस कधी?" तो हसला.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ तोच थाट झाला. मामा वहिनींना बोलवायचे, त्या कॉल लावायच्या. दोन दिवसांनी मामांनी कॉल लावणं बंद केलं. "तिला जेवू दे शांत," म्हणाले. "फोनमधनं तू हुंकारलीस की ती दाराकडं पळतिया." मी फक्त विचारायचे, जेवली का, आणि उत्तर यायचं, व्हय. मामांचं ते 'व्हय' मला देवाच्या प्रसादासारखं वाटायचं. मी इतकी माणसं बघितली आहेत, चांगल्या मनाची, मदतीला धावणारी. पण स्वतःची लाज अशी बाजूला काढून ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आम्ही परत आलो ते सकाळी. गल्ली पाइपलाइनसाठी खोदून ठेवली होती, त्यामुळे रिक्षा कोपऱ्यावरच थांबली आणि बॅगा उचलून आम्ही चालत निघालो. ऊन नुकतंच पडलं होतं, गल्ली जागी झाली होती. आमच्या फाटकाजवळ दूधवाला सायकल उभी करून आत बघत होता. "मामा, आज कंच्या लग्नाला?" तो म्हणाला.

"गप जा," आतून आवाज आला. "जेवतिया ती."

दूधवाला हसत निघून गेला. मी फाटकाला हात घातला आणि मागे घेतला. पायरीवर मामा बसले होते, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे. जांभळ्या रेशमावर दह्याचे, हळदीचे डाग, पदराला नखांनी ओढलेले दोरे. कुत्रीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि ते भाताचा लहानसा गोळा बोटांवर घेऊन तिच्या ओठांपाशी धरत होते. ती घेईपर्यंत हात हलवत नव्हते. आम्ही आत गेलो असतो, तर ती घास टाकून आमच्याकडे आली असती.

मी वळून नवऱ्याकडे बघितलं. त्याने बॅगा खाली ठेवल्या होत्या. निवृत्त झालेला, पांढऱ्या केसांचा, सगळ्या ऑफिसला ज्याचा धाक होता असा माझा नवरा फाटकाच्या गजांतून आपल्या बापाकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. आपल्याला कुणी कसं जगवलं, हे त्याला त्या वयात बघता आलं नव्हतं. ते तो आता बघत होता.

"म्हणजे असं," तो म्हणाला, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं.

ताटली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं आमच्याच फाटकाबाहेर उभे राहिलो.